नात्यातले भाडेकरू

आमच्या घरमालकांच्या खोल्यांमध्ये भिंतीला खिळा ठोकायला मनाई होती. खोली दाखवतानाच त्यांनी कारण सांगून टाकलं.

"खिळा आला की कॅलेंडर येतं. कॅलेंडर आलं की साल लागतं. साल लागलं की माणूस म्हणतो, मी हितं इतक्या सालापासून हाय. मंग कोर्ट."

आम्ही नुकतेच धावड्याहून आलो होतो. यांना जालना एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात काम लागलं होतं आणि मला एका बियाणे कंपनीचं स्टोअर सांभाळायचं होतं. दोघांनाही चालत जाता येईल अशी दुसरी खोली नव्हती. मी म्हटलं, खिळा नको तर नको. कपडे दोरीवर वाळतात.

मालकांची चाळ कारखान्यांच्या मागच्या अंगाला होती. एका ओळीत खोल्या, पुढे लांबट अंगण, फाटकाशी नळ आणि नळाशेजारी विजेच्या मीटरांचा बोर्ड. मालक कधी कुणाचं दार वाजवत नसत. त्या बोर्डापाशी उभे राहून खोकायचे. त्या खोकल्याचा अर्थ 'मी आलोय, बाहेर या' असा असे. चहा दिला तर उभ्यानेच प्यायचे. बसा म्हटलं तर म्हणायचे, "बसलं की लिहाज येतो. लिहाज आला, भीड पडली की पैसे मागता येत न्हाईत."

खरं तर 'भाडं' हा शब्दही ते अंगणात उच्चारत नसत. 'हातभार' म्हणायचे. हातभार रोखीने द्यायचा, मोबाईलवरून अजिबात नाही. मोबाईलवर आला की त्याची खूण उरते. आमच्या नावाचं टपाल त्या पत्त्यावर मागवायलाही बंदी होती. मी बँकेचं, विम्याचं सगळं टपाल कंपनीत मागवत असे. आधारवर धावड्याचाच पत्ता राहिला होता.

पण या सगळ्यापेक्षा भारी प्रकार म्हणजे खोलीपालट.

दर उन्हाळ्यात, शाळांना सुट्ट्या लागल्या की मालक सकाळी येऊन खोकायचे आणि सगळ्यांना एकेक दार पुढे सरकायला लावायचे. फाटकाजवळची खोली ज्याची, त्याने पार शेवटच्या खोलीत जायचं. बाकीच्यांनी शेजारच्या. एकाच खोलीत फार दिवस राहिलेला माणूस ती खोली आपली समजायला लागतो, हा त्यामागचा विचार. अंगणभर गाद्या, डबे, बादल्या, पाळणे. दुपारपर्यंत सगळी चाळ एका घराने पुढे सरकलेली असायची.

पहिल्या वर्षी खोलीपालटानंतर हे कामावरून थकून आले आणि सवयीने जुन्या दारात शिरले. तिथे आता शबानाभाभी राहत होत्या. त्या तव्यावरून मान न उचलता म्हणाल्या, "भाईसाब, तुमचं घर पुढं सरकलं."

शबानाभाभींचे मिस्टर सलीमभाई वेल्डिंगचं काम करायचे. दुसऱ्या खोलीपालटानंतर त्यांनी कपाटाला, पलंगाला आणि कूलरच्या स्टँडला चाकं बसवली. आम्हालाही बसवून दिली. मालकांनी ती पाहिली आणि मीटर बोर्डापाशी किती तरी वेळ उभे राहिले.

"सलीम, चाकं कशाला?"

"सरकवायला बरं पडतं मालक. तुम्हीच सरकवता ना दर साल."

"का पळून जायचा इरादा हाय? हातभार न देता?"

"मालक, खिळा ठोकला तरी शक, चाक लावलं तरी शक. मंग आम्ही हवेत तरंगावं का?"

मालक हसले नाहीत. त्यांनी कूलरचं एक चाक पायाने फिरवून पाहिलं आणि निघून गेले.

हा माणूस असा का, हे मला हळूहळू कळलं. ते मूळचे शहागडकडचे. महामार्ग रुंद झाला तेव्हा त्यांचं रान त्यात गेलं. मोजणीवाले आले, खुणेचे दगड रोवले, मोबदला मिळाला. त्या मोबदल्यात त्यांनी ही जागा घेतली आणि खोल्या बांधल्या. तेव्हापासून हातात टेप किंवा कागद असलेला कुठलाही माणूस दिसला की त्यांचा चेहरा उतरायचा. एकदा कुकर दुरुस्त करणारा फाटकात थांबून कागदावर कुणाचा तरी नंबर लिहून घेत होता. मालकांनी त्याला हटकून त्याच्याकडून कागद काढून घेतला आणि दोन्ही बाजूंनी वाचला.

दुसरी गोष्ट त्यांच्या भाच्याची. शहागडच्या जुन्या घरात तो दोन दिवसांसाठी म्हणून आला होता. "दोन दिवसांसाठी आल्ता बघा. पोरांची लग्नं झाली तिथं. आता म्हणतो, मामा, तुम्ही या की कधी, जेवायला." हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी एका जागी अडखळायचा. जेवायला या, हे त्यांना जास्त लागलं होतं.

आता आमच्या स्वतःच्या घरावर दोन खोल्या आहेत आणि त्या मी भाड्याने देते, म्हणून त्यांची अडचण मला त्या वेळेपेक्षा बरी समजते. खोली भाड्याने दिली की घरपट्टी स्वतः राहण्यापेक्षा जास्त लागते. भाडेकरूची माहिती, फोटो आणि आधार पोलीस ठाण्यात द्यावं लागतं. नाही दिलं तर कारवाई मालकावर. करार नोंदवायची जबाबदारीही मालकाचीच. म्हणजे एकच खोली तीन कचेऱ्यांमध्ये तीन वेगवेगळ्या कागदांवर येते, आणि तिन्ही कागद जुळले पाहिजेत. मी ते जुळवते. मालकांनी मात्र ते कधीच एकमेकांना भेटू नयेत अशी व्यवस्था केली होती.

पोलिसांची त्यांना भीती होती. त्यामुळे ठाण्यातून शिपाई येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या सगळ्यांचे फोटो गोळा केले आणि भाडेकरू म्हणून नोंदवून आले. घरपट्टीवाल्यांची भीती थोडी कमी होती. म्हणून नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि घरांची नव्याने पाहणी निघाली, तेव्हा त्यांनी वेगळा मार्ग धरला. आदल्या संध्याकाळी खोकले. सगळे अंगणात जमलो.

"उद्या पाहणीवाला येईल. इथं कोणी भाडेकरू न्हाई. तुम्ही सगळे माझे नातेवाईक. बाई, तुम्ही माझ्या साडूची पोरगी. तुम्ही त्यांच्या शेजारचे, मावसभाऊ." असं करत ते ओळीने नाती वाटत गेले आणि शबानाभाभींपाशी येऊन थांबले. विचार करून म्हणाले, "तुमचं बघू."

दुसऱ्या दिवशी टॅबवर नोंद करणारा माणूस आला. घामाघूम, कंटाळलेला. दोन दारं उरकून तो तिसऱ्यापाशी आला, तिथे मी उभी होते.

"ह्या कोण?"

"साडूची पोरगी," मालक म्हणाले.

"कधीपासून राहतात?"

"पहिल्यापासून. घरचीच हाय."

पुढच्या दारात शबानाभाभी डोक्यावर ओढणी घेऊन उभ्या. पाहणीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग मालकांच्या कपाळावरच्या बुक्क्याकडे.

"आणि ह्या?"

मालकांनी घसा साफ केला. "बहीण."

"सख्खी?"

"मानलेली. आमच्यात तसं काही न्हाई. ईद-दिवाळी बराबर."

"मग बहिणीच्या दारावर खडूने चार नंबर का लिहिलाय?"

"घर मोठं हाय साहेब. वय झालं. चुकतं माणूस."

त्याने हसू दाबत नोंद केली: सगळ्या खोल्या घरमालकाच्या कुटुंबाच्या वापरात. तो गेल्यावर शबानाभाभी म्हणाल्या, "भाईजान, आता बहीण केलंय तर ईदी पण लागते बरं का."

मालकांचा चेहरा लगेच बदलला. "किती?"

त्या ईदेला खरंच ते एक वाटी शेवया घेऊन आले. दाराशी उभे राहून त्यांनी दुसऱ्या भांड्यात ओतायला लावल्या आणि वाटी परत घेऊन गेले. वाटी राहिली की येणं-जाणं वाढतं, असं काहीसं पुटपुटले. ती शेवयांची वाटी मला दोन दिवस खटकत होती. भाडं वाढवायचंय का? सलीमभाईंना काढायचंय का? त्यांच्या चाळीत राहून राहून आम्हीही तसेच झालो होतो. कुणी काही दिलं की आधी का दिलं ते शोधायचो.

खरी अडचण पुढच्या उन्हाळ्याच्या आधी आली.

शबानाभाभींची सना पहिलीत जाणार होती. गरीब घरच्या मुलांना खासगी शाळेत मोफत जागा मिळते, त्याचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले होते. जवळच्या इंग्रजी शाळेत तिचा नंबर लागायची चांगली शक्यता होती, कारण शाळा चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण भाड्याने राहणाऱ्यांनी पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार जोडायचा, आणि तोही अर्ज भरण्याच्या आधीचा. अर्जाची मुदत संपायला थोडेच दिवस होते. उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला, फोटो, सगळं मी स्वतः तपासून एका पिशवीत लावून दिलं होतं. फक्त करार नव्हता.

सलीमभाई बोर्डापाशी गेले.

"मालक, अकरा महिन्यांचा करार करून द्या. खर्चा सगळा माझा. पोरीच्या शाळेचं काम हाय."

"कागद न्हाई."

"मालक, एकच कागद."

"एकच कागद म्हणून शहागडला सही केल्ती मी. रान गेलं. पोरीला शिकवा, चांगलं हाय. माझं नाव कुठं घेऊ नका."

"नाव न घेता पत्ता कसा लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा." आणि ते फाटकाबाहेर गेले.

त्या संध्याकाळी शबानाभाभींनी भांडी इतक्या जोरात घासली की माझ्या खोलीत आवाज येत होता. मी गेले तेव्हा म्हणाल्या, "बाजी, हे म्हणतात दुसरी खोली बघू. बघितली. फोनवर खोली खाली असते. नाव सांगितलं की भरलेली असते." मग जरा थांबून, "सनाने दप्तर पण निवडून ठेवलंय बाजारात. तिला सांगू तरी काय?"

सना पलंगावर बसून पलंग चाकांवर पुढे-मागे करत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

मालक करार का करत नाहीत हे मला कळत होतं. करार नोंदला की खोली भाड्याची असल्याचा पुरावा झाला. पाहणीत तर आम्ही साडूच्या पोरी आणि मानलेल्या बहिणी. खोटं उघडं पडेल, घरपट्टी वाढेल, कदाचित दंडही. त्यांना विनवून उपयोग नव्हता; विनवणीचा त्यांना आणखी संशय येत असे. पैसे देऊ केले तर त्याहून जास्त. त्यांना पटेल अशी एकच गोष्ट होती: भीती. आणि ती त्यांच्या घरातच होती.

दुसऱ्या दिवशी ते मीटर बघायला आले. मी पाणी भरता भरता विचारलं, "मालक, महापालिकेच्या नोंदीत मी तुमची कोण?"

"साडूची पोरगी."

"भाडं देते का मी तुम्हाला?"

"तिथं न्हाई देत."

"म्हणजे मी नात्याने राहते. भाडं न देता राहते. आणि पहिल्यापासून राहते, हे तुम्हीच त्या माणसाला सांगितलं."

मालकांनी मीटरवरून हात काढला.

"उद्या मी खोली सोडली नाही," मी म्हटलं, "तर मला काय म्हणून काढाल? भाडेकरू म्हणून? ठाण्यातली यादी एकट्या तुमच्या हातची; माझ्या सहीचा कागद कुठे आहे? भाडेकरूला अकरा महिन्यांनी जावं लागतं मालक, तसं कागदातच लिहिलेलं असतं. नातेवाईक कधी जातो?"

नळ वाहत होता, मी बंद केला.

"तुमचे भाचे शहागडला काय म्हणून राहतात? भाडेकरू म्हणून की नातेवाईक म्हणून?"

"कोणी शिकवलं हे तुम्हाला?"

"कोणी नाही. सुचलं."

मी वकील नाही. हे सगळं कायद्याने कितपत बरोबर आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही पक्कं सांगता येणार नाही. मालक त्याच दिवशी कचेरीबाहेर बसणाऱ्या कागद लिहिणाऱ्याकडे गेले. त्याला विचारलं, असं होऊ शकतं का? तो म्हणाला, कोर्टात काहीही होऊ शकतं. मालकांना तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोकले तेव्हा अजून निम्मी चाळ झोपेत होती.

"सगळ्यांचे करार करायचे. जल्दी. सलीमचा पहिला."

नोंदणीच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत गेले. मालकांनी करार सलीमभाईंकडून मोठ्याने वाचून घेतला. 'मुदत संपताच परवानाधारक जागा खाली करून देईल' हे वाक्य, परवानाधारक म्हणजे भाडेकरूच ना असं विचारून, पुन्हा वाचायला लावलं. मग परत. सलीमभाई तिसऱ्या वेळी म्हणाले, "मालक, आता हे माझं पाठ झालं. स्वप्नात पण खाली करून देईन."

अंगठ्याच्या यंत्रावर मालकांचा ठसा उमटेना. शेतात घासून बोटं गुळगुळीत झाली होती. ऑपरेटरने पुसून पुन्हा ठेवायला सांगितलं.

"आधीचा घेतला तर न्हाई ना? म्हंजे दोनदा झाला तर न्हाई?"

"बाबा, एकदाही झाला नाही अजून."

"मंग आत्ताचा पण कशावरून झाला?"

"स्क्रीनवर हिरवं आलं ना."

"हिरवं कोणी पण आणतं," मालक म्हणाले आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघायला सांगितल्यावर भिंतीकडे बघितलं. तसाच फोटो करारावर आहे: सलीमभाई समोर बघतायत, मालक बाजूला कुणीतरी उभं आहे का ते तपासतायत.

साक्षीदार म्हणून मी सही करू का, असं मी विचारलं होतं. "नको. माणूस आणलाय," ते म्हणाले. शहागडकडचा एक शेजारी त्यांनी खास बसने बोलावला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझं लक्ष शिक्का नीट उठलाय की नाही, तिकडे होतं.

मुदतीच्या आत सनाचा अर्ज गेला. पुढच्या आठवड्यात बाकीच्या खोल्यांचे करार झाले. माझ्या कराराचं विचारलं की मालक म्हणायचे, "तुमचं नंतर." मग सगळे संपले. आम्ही एकटेच उरलो.

घरपट्टीची नवी नोटीस आली. वाढ त्यांनी मुकाट्याने हातभारात घातली आणि सगळ्यांनी मुकाट्याने दिली, फक्त आता त्याला उघड भाडं म्हणायचे. त्याच संध्याकाळी ते माझ्या दारासमोर आले. बोर्डापाशी नाही, दारासमोर. आणि पहिल्यांदाच उंबऱ्यावर बसले.

"बाई, तुमचा करार करायचा न्हाई."

"का?"

"खोली खाली करा. महिना घ्या, दीड घ्या."

हे आतून बाहेर आले. मी त्यांना हाताने थांबवलं. "आमचा हातभार कधी चुकला?"

"न्हाई."

"भांडण? पाणी? काही?"

"काहीच न्हाई. तुम्ही चांगल्या हैत. सगळ्या चाळीत तुमच्यासारखं स्वच्छ कोणाचं न्हाई. पण तुम्हाला सुचतं." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्या दिवशी तुम्ही बोलल्या, तवापासून मला झोप न्हाई. मी म्हणतो, हिला एवढं सुचलं, अजून काय सुचलं असंल जे हिनं सांगितलं न्हाई? ज्याला सुचतं त्याला मी ठेवत न्हाई. बिलकुल."

"ते मी सनाच्या शाळेसाठी बोलले."

"ठाऊक हाय. म्हणूनच. दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढं, तर स्वतःसाठी किती?"

हे तर हसतच सुटले, रात्री जेवतानाही मधूनच हसत होते. मला हसू आलं नाही. मे महिन्यात खोली शोधायची, दोघांच्या पाळ्या सांभाळून, ते काम माझ्याच वाट्याला येणार होतं.

शबानाभाभींना कळलं तेव्हा त्या मालकांशी भांडायला निघाल्या. मी त्यांचा हात धरला. करार ताजा होता आणि शाळेच्या सोडतीचा निकाल लागायचा होता. "आत्ता काही बोलू नका," मी म्हटलं. "त्या माणसाला अजून एक कारण देऊ नका." भाभी खाली बसल्या आणि रडल्या, आणि मग रागाने आमची निम्मी भांडी त्यांनीच वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

निकाल आम्ही निघायच्या आदल्या दिवशी लागला. सनाचं नाव होतं. सलीमभाईंनी मोबाईलवरचं नाव मला झूम करून दाखवलं, मग माझ्या यजमानांना, मग अंगणातल्या प्रत्येकाला. सना मात्र सामान अंगणात काढून रिकाम्या केलेल्या आमच्या खोलीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत होती, कारण खोलीपालटात कुठलीच खोली इतका वेळ मोकळी राहत नसे.

सकाळी टेम्पो आला. मालक न बोलावता आले आणि सामान भरायला लागले. कपाट त्यांनी एका बाजूने स्वतः उचललं. गाठी नीट बसल्यात का ते बघितलं, एक सोडून परत बांधली. त्या वयात ते करायची गरज नव्हती. मी मनात म्हटलं, आम्ही खरंच जातोय याची खात्री करून घेतायत. तेही असेल. आणखीही काही असेल.

मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. टेम्पो सुरू झाला तसे मालक खिडकीपाशी आले. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बाई, जाता जाता सांगा. तुमच्या खोलीत नवा माणूस यायचा हाय. त्याचा करार तो राहायला यायच्या आधी करायचा का नंतर?"

"आधी करा," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीची कड धरली आणि डोळे बारीक केले.

"आधीच का?"